मुळाच्या पाठात माती कुठे आहे?

शालेय विज्ञानाची पुस्तके गेल्या काही दशकांत अनेकदा बदलली. चित्रे रंगीत झाली, कृती वाढल्या, स्वाध्यायातील प्रश्नांची धाटणी बदलली. मुळाचा पाठ मात्र बहुतेक ठिकाणी जुन्याच चौकटीत राहिला आहे. सोटमूळ आणि तंतुमूळ हे दोन प्रकार, मूलटोपी व मूलरोम दाखवणारी आकृती, आधार देणे आणि पाणी व क्षार शोषून घेणे ही दोन कार्ये, आणि शेवटी गाजर, मुळा, रताळे, वडाच्या पारंब्या अशी रूपांतरित मुळांची यादी. यात चुकीचे असे काही नाही. परंतु हा पाठ वाचून मुळाविषयी जे चित्र विद्यार्थ्याच्या मनात उभे राहते ते पुरेसे आहे का? आणि तो विद्यार्थी शेतकऱ्याच्या घरचा असेल, तर घरी ऐकलेल्या व शेतात पाहिलेल्या गोष्टींशी त्याला या पाठाचा सांधा जुळवता येतो का? या लेखात आम्ही मुळाच्या पाठाची तपासणी याच दोन प्रश्नांच्या आधारे करणार आहोत. सोबत एका गाजलेल्या शोधनिबंधाचीही तपासणी करू, कारण पाठात जे नाही ते त्या निबंधात आहे, आणि त्या निबंधात जे नाही तेही त्याच्या नावावर सांगितले जाण्याचा धोका आहे.

तपासणीसाठी एखादे ठिकाण डोळ्यांपुढे असावे म्हणून वर्धा जिल्ह्यातले, हिंगणघाट तालुक्यातले अल्लीपूर घेऊ. हा सारा प्रदेश बेसाल्ट खडकाचा. त्या खडकाची झीज होऊन झालेली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ, म्हणजे अल्कधर्मी. नांगरताना ठिकठिकाणी चुनखडीचे खडे वर येतात. शिवारात कापूस, तूर, सोयाबीन, रब्बीत हरभरा. जमाबंदीच्या जुन्या दप्तरांत या भागातल्या जमिनींची काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी प्रतवारी आढळते. म्हणजे एकाच गावात भारी जमिनीपासून मुरमाड जमिनीपर्यंत सारे प्रकार आहेत. मुळाच्या पाठाला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

पाठातल्या तीन उणिवा

पहिली उणीव आकृतीतच दिसते. मूळ कोऱ्या कागदावर काढलेले असते. त्याच्या भोवती माती नसते, मातीचे कण नसतात, कणांना चिकटलेले पाणी नसते. नेहमीच्या कृतीतही तेच होते. पाणी भरलेल्या पात्राच्या तोंडावर कांदा ठेवतात आणि त्याला फुटलेली मुळे पाहतात. तंतुमुळांचा आकार दाखवायला ही कृती उत्तम आहे. पण याच मुळांवर मूलरोम शोधायला मुलांना सांगितले तर त्यांची निराशा होते, कारण कांद्याचे मूलरोम मुळातच तोकडे आणि विरळ असतात. शेतातला कांदा ही उणीव मातीतल्या बुरशीच्या मदतीने भरून काढतो. काचेच्या पात्रात ती बुरशीही नाही आणि मातीही नाही.

दुसरी उणीव ‘शोषून घेणे’ या क्रियापदाची. हा शब्द ऐकला की मुलाच्या डोळ्यांपुढे टीपकागद किंवा उसाचा रस ओढणारी नळी येते. पाण्याच्या बाबतीत ही उपमा काही अंशी चालून जाते. क्षारांच्या बाबतीत ती दिशाभूल करते. मुळाच्या पेशीत स्फुरदाचे जे प्रमाण असते ते बाहेरच्या मातीतील पाण्यातल्या प्रमाणाच्या हजारपटीहून अधिक असू शकते. स्फुरद आपणहून जास्तीकडून कमीकडे जाईल, म्हणजे मुळातून बाहेरच जाईल. त्याला उलट दिशेने आत आणायचे तर पेशीला ऊर्जा खर्चावी लागते, आणि त्यासाठी मुळाला श्वसन करावे लागते. पाणी साचलेल्या शेतात पीक पिवळे का पडते, याचा एक धागा इथे मिळतो. पाठात तो सहसा सुटलेला असतो.

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत मोठी वाटते. पाठातले मूळ कधी बदलत नाही. जमीन कसदार असो वा निकृष्ट, मूळ तेच आणि कामही तेच. रूपांतरित मुळांच्या यादीत अन्न साठवणारी व आधार देणारी मुळे आहेत, पण अन्नद्रव्य कमी पडले म्हणून बदलणारी मुळे नाहीत. वास्तविक वनस्पतींच्या आयुष्यातली ही रोजची अडचण आहे.

निकृष्ट जमीन म्हणजे काय?

‘जमिनीत स्फुरद कमी आहे’ हे वाक्य आपण सहज उच्चारतो. त्याचा अर्थ नीट पाहू. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या, नांगरटीच्या थरात एकूण स्फुरद सामान्यतः शेकडो किलो असतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. परंतु त्यातला एखाद्या क्षणी पाण्यात विरघळलेला भाग बहुधा एक किलोहूनही कमी भरतो. उरलेला स्फुरद कॅल्शियम, लोह किंवा ॲल्युमिनियम यांच्याशी बांधलेला असतो, अथवा सेंद्रिय पदार्थांत अडकलेला असतो. कोठार भरलेले आहे आणि दाराला कुलूप आहे, अशी ही स्थिती.

शिवाय स्फुरद मातीत फारसा हलत नाही. नत्राचा नायट्रेट हा प्रकार पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतो. स्फुरद मात्र कणांना धरून बसतो आणि अतिशय संथपणे सरकतो. त्यामुळे मुळाच्या भोवती एक-दोन मिलिमीटरचा पट्टा लवकरच रिकामा होतो आणि त्यापलीकडचा साठा जागच्या जागी राहतो. शेतकरी हे आपल्या कामातून जाणतो. स्फुरदाचे खत पेरणीच्या वेळीच बियाण्याच्या ओळीत, थोडे खोल देतात, आणि युरिया पीक उभे असताना वरून देतात. मुलाने हे घरी पाहिलेले असते. त्यामागचे कारण मुळाच्या पाठात यायला हवे.

आता माती परीक्षणाचा कागद पाहा. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली, तेव्हापासून असे कागद अनेक घरांत आहेत. त्यावर ‘उपलब्ध स्फुरद’ असा एक आकडा असतो. आपल्याकडच्या अल्कधर्मी जमिनींसाठी तो बहुधा ओल्सेन यांच्या १९५४ सालच्या पद्धतीने काढतात. सामू ८.५ असलेल्या सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात माती हलवायची आणि द्रावणात जेवढा स्फुरद उतरेल तेवढा ‘उपलब्ध’ धरायचा. पद्धत चांगली आहे, खताची मात्रा ठरवायला उपयोगी आहे. परंतु ‘उपलब्ध’ म्हणजे कोणाला उपलब्ध, हा प्रश्न उरतोच. हे द्रावण सर्वत्र एकच असते. मुळे पिकागणिक वेगळी असतात. ज्या कुलपापुढे एक पीक हात टेकते ते दुसरे पीक उघडू शकते. म्हणून निकृष्टपणा हा केवळ जमिनीचा गुण म्हणून सांगणे अपुरे आहे. तो जमीन आणि पीक यांच्यातला संबंध आहे.

मुळांचे उपाय

या अडचणीवर वनस्पतींनी जे उपाय योजले आहेत त्यांचे ढोबळ चार गट पाडता येतात.

पहिला उपाय, जास्त मातीपर्यंत पोचणे. अन्नद्रव्य कमी पडले की अनेक वनस्पती खोड-पानांच्या तुलनेत मुळांवर अधिक खर्च करतात. मूलरोम लांब व दाट होतात. स्फुरद वरच्या थरात अधिक असतो, म्हणून काही पिकांच्या काही वाणांत मुळे उथळ व पसरट वाढतात. पाणी आणि नायट्रेट खाली झिरपतात, त्यांच्यासाठी खोल जाणारी मुळे सरस ठरतात. दोन्ही एकाच वेळी साधणे कठीण, म्हणजे इथे काटकसरीचा हिशेब आहे.

दुसरा उपाय, भागीदारी. मुळात शिरून मातीत दूरवर तंतू पसरणाऱ्या बुरशीशी बहुसंख्य भूवनस्पतींचे सख्य आहे. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ साली या जोडीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. बुरशीचे तंतू मूलरोमांहून पुष्कळ बारीक असल्याने मुळाला न पोचता येणाऱ्या फटींत ते शिरतात. बुरशी स्फुरद देते आणि वनस्पतीकडून शर्करा घेते. कपाशीला याचा चांगला लाभ होतो. मोहरीच्या कुळाने मात्र ही भागीदारी बहुतांशी सोडून दिलेली आहे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी ही भागीदारीचीच दुसरी तऱ्हा. हेलरीगेल व विल्फार्थ यांनी १८८०च्या दशकात दाखवून दिले की गाठींतील जिवाणूंमुळे ही पिके हवेतला नत्र वापरू शकतात.

तिसरा उपाय, रसायने बाहेर सोडणे. सायट्रिक, मॅलिक, मॅलोनिक यांसारखी आम्ले किंवा विकरे मुळातून मातीत सोडून बांधलेले द्रव्य मोकळे करता येते. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही ते अविद्राव्य रूपात असते. गवत कुळातील पिके त्यासाठी लोहाला पकडून आणणारे पदार्थ मातीत सोडतात. जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी १९७६ साली याविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्वारी आणि मका याच कुळातल्या.

चौथा उपाय, मुळांची रचनाच बदलणे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जमिनी जगातल्या अत्यंत निकृष्ट जमिनींत मोडतात. तिथल्या प्रोटिएसी कुळातील अनेक झाडांना आखूड मुळांचे दाट झुपके येतात. त्या झुपक्यांतून थोड्या काळात, थोड्या जागेत पुष्कळ आम्ल सोडले जाते.

इथे शिक्षकांनी एक भेद जपावा. एखाद्या जातीत पिढ्यान्‌पिढ्या निवड होऊन आलेला गुण ही एक गोष्ट, आणि एकाच रोपाने आपल्या आयुष्यात परिस्थितीनुसार केलेला बदल ही दुसरी. मराठीत दोन्हींना आपण ‘अनुकूलन’ म्हणतो. त्यातून ‘झाडाने ठरवले आणि मुळे लांब केली’ अशी वाक्ये तयार होतात. झाड ठरवत नाही. स्फुरद कमी झाल्याचा रासायनिक संकेत मिळाला की मूलरोम लांबतात, आणि असा प्रतिसाद देण्याची क्षमता ज्यांच्यात होती त्यांची संतती टिकली.

तुरीचा शोधनिबंध

आता त्या शोधनिबंधाकडे वळू. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिच्या आवारात लाल आणि काळी अशा दोन्ही जमिनी आहेत. तिथे काम करणारे जपानी शास्त्रज्ञ नोरिहारू आए आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात तुरीवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. लोहाशी बांधलेला स्फुरद इतर अनेक पिकांपेक्षा तूर अधिक चांगला वापरू शकते. तिच्या मुळांतून पिसिडिक आम्ल व त्याच्याशी मिळताजुळता एक पदार्थ बाहेर पडतो. हे पदार्थ लोहाला पकडतात आणि स्फुरद सुटा होतो. तुरीसोबत घेतलेली तृणधान्ये मात्र कॅल्शियमशी बांधलेल्या, त्या मानाने सहज विरघळणाऱ्या स्फुरदावर अवलंबून असतात. म्हणजे एकाच शेतात दोघांची ताटे वेगळी. यावरून त्यांनी असे सुचवले की तुरीमुळे त्या पीकपद्धतीतील एकूण उपलब्ध स्फुरद वाढतो.

या निबंधाचे मोल मोठे आहे. ज्वारीत किंवा कपाशीत तुरीचे तास घालण्याची आपल्याकडची जुनी रीत पाऊस लहरी आहे म्हणून, घरी डाळ हवी म्हणून, सरपणाला तुराट्या हव्यात म्हणून चालत आली. तिच्यात मुळांच्या पातळीवरही काही तथ्य असू शकते, हे इथे प्रयोगाने पुढे आले. शिवाय ‘उपलब्ध कोणाला?’ हा वर मांडलेला प्रश्न या निबंधाने थेट हाताळला.

तरीही तो वाचताना तीन ठिकाणी थांबले पाहिजे.

एक, निष्कर्षाचे शेवटचे वाक्य सूचनेच्या भाषेत आहे. लोहाशी बांधलेला स्फुरद तूर घेते, हे प्रयोगाने दाखवले. त्यामुळे साऱ्या पीकपद्धतीचा फायदा होतो, हे त्यापुढचे अनुमान आहे. तुरीने घेतलेला स्फुरद तिची गळलेली पाने व मुळे यांतून जमिनीत परततो हे खरे, पण दाण्यातला स्फुरद गोणीत भरून बाजारात जातो. तूर कुलूप उघडते, कोठारात भर घालत नाही. निबंधाच्या शीर्षकात भारतीय उपखंडाचा उल्लेख आहे. कुंडीतल्या प्रयोगांवरून उपखंडाच्या शेतीपर्यंतची ही झेप लांबची आहे.

दोन, कारण म्हणून एका आम्लावर दिलेला भर. नंतरच्या अभ्यासांत तुरीच्या मुळांतून सायट्रिक, मॅलोनिक, ऑक्झॅलिक अशी अन्य आम्लेही बाहेर पडतात असे आढळले. मातीतले सूक्ष्मजीव अशी आम्ले झपाट्याने खाऊन टाकतात, हेही लक्षात घ्यावे लागते. पुढे स्वतः आए यांनीच भुईमुगाच्या बाबतीत वेगळा विचार मांडला. तिथे मुळाच्या पेशीभित्तिकेचा पृष्ठभागच लोहाशी संपर्क साधून स्फुरद मोकळा करत असावा, असे त्यांनी सुचवले. एकच कुलूप, पण किल्ल्या निरनिराळ्या.

तीन, आणि अल्लीपूरच्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचे. निबंधातला युक्तिवाद लोहाशी बांधलेल्या स्फुरदाचा आहे, आणि असा स्फुरद लाल जमिनीत प्रमुख असतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत कॅल्शियमशी बांधलेल्या स्फुरदाला महत्त्व येते. तो मोकळा करायला मुळाभोवती आम्लता वाढली तरी काम होते, आणि ते इतर पिकेही थोडेफार करू शकतात. म्हणून ‘तूर लावली की काळ्या जमिनीतला स्फुरद मोकळा होतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ असे वर्गात सांगणे बरोबर नाही. निबंध तसे म्हणत नाही. काळ्या जमिनीतही लोहाशी बांधलेला काही भाग असतो, तेवढ्यापुरता तुरीला लाभ होऊ शकेल. किती, ते त्या जमिनीतच मोजावे लागेल.

काळ्या मातीसाठी हरभरा अधिक जवळचे उदाहरण आहे. त्याच्या मुळांतून सायट्रिक व मॅलोनिक आम्ले बाहेर पडतात आणि कॅल्शियमशी बांधलेला स्फुरद सुटायला मदत होते. हरभऱ्याची आंब मुलांना ठाऊक असते. रात्री पिकावर स्वच्छ फडके पसरायचे आणि पहाटे दवासह पिळून घ्यायचे. ही आंब पानांवरच्या केसांतून येते व तिच्यात मुख्यतः मॅलिक आम्ल असते. इथेही घाई नको. पानांतून आम्ल येते म्हणून मुळांतूनही येतेच, असा तर्क चालणार नाही. मुळांचे आम्ल वेगळे तपासावे लागले, आणि ते मिश्रणही वेगळे निघाले.

वर्गात करण्याजोगे

उणिवा दाखवून थांबणे उचित नाही. फारसा खर्च न येणाऱ्या तीन कृती आम्ही सुचवतो.

फरशीच्या दुकानातून गुळगुळीत संगमरवराचा तुकडा आणा. एका कोपऱ्यावर लिंबाचा रस टाकून बुडबुडे येतात का पाहा. आले तर दगड खरा. तो कुंडीत तिरका ठेवून वर बारीक वाळू भरा आणि हरभरा पेरा. तीन-चार आठवड्यांनी दगड धुऊन तिरप्या उजेडात धरा. मुळे जिथून गेली तिथे पुसट रेषा दिसायला हव्यात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ साक्स यांचा हा एकोणिसाव्या शतकातला प्रयोग. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि शेतातली चुनखडीही तीच. पण मुलांना पुढचा प्रश्न अवश्य विचारा: ही झीज कोणत्या आम्लाने झाली? मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळूनही आम्ल तयार होते. म्हणजे मूळ दगड झिजवते एवढेच या प्रयोगातून कळते, कशाने ते कळत नाही. प्रयोगाची मर्यादा ओळखण्याचा हा चांगला धडा आहे.

दुसरी कृती शेतातली. भारी जमिनीतले आणि बरड जमिनीतले एकाच वयाचे सोयाबीनचे रोप खणून काढा, उपटू नका. पाण्याने माती सोडवा, मुळांची लांबी, फाटे व गाठी मोजा. गाठी ब्लेडने कापा. आतून गुलाबी दिसली तर ती नत्र बांधण्याचे काम करते आहे, हिरवट किंवा पांढरट दिसली तर सहसा नाही. युरिया जास्त पडलेल्या जागेतले रोपही तपासा. नत्र आयता मिळाला की गाठी सहसा कमी होतात. मात्र एक-दोन रोपांवरून निष्कर्ष काढू नये, प्रत्येक जागेतली निदान दहा घ्यावीत.

तिसरी कृती कागदाची. मुलांना घरची मृदा आरोग्य पत्रिका आणायला सांगा. ‘उपलब्ध स्फुरद’ या आकड्याचा अर्थ त्यांनी आपल्या शब्दांत लिहावा. त्या शेतात कोणती पिके घेतात आणि त्यांची मुळे कशी आहेत, हे शेजारी लिहावे.

या शेवटच्या कृतीत खरे पणाला काय लागले आहे ते दिसेल. खताचा खर्च कुटुंबाच्या वर्षाच्या हिशेबात मोठा असतो. स्फुरदाच्या खतांसाठी आपला देश मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे. ‘जमीन निकृष्ट आहे, खत वाढवा’ आणि ‘निसर्ग सारे पुरवतो, खत नकोच’ ही दोन्ही वाक्ये त्या मुलाच्या कानावर सारख्याच आत्मविश्वासाने पडत असतात. पहिले बोलणारा मुळांना विसरतो, दुसरे बोलणारा बाजारात गेलेल्या गोण्यांना. या दोघांनाही प्रश्न विचारता येण्याइतके ज्ञान मुळाच्या पाठातून मिळू शकते. त्यासाठी पाठ लांबवण्याचीही गरज नाही. रूपांतरित मुळांच्या यादीतली दोन नावे कमी करून तुरीचे आणि हरभऱ्याचे मूळ घातले, आणि आकृतीत मुळाभोवती माती काढली, तरी सुरुवात होईल.

पुस्तक बदलायला वेळ लागतो. फळ्यावर आकृती आपणच काढतो, तिच्यात आजपासून माती दाखवता येईल. संगमरवराचा प्रयोग ज्या शाळा करतील त्यांनी, रेषा दिसल्या असोत वा नसोत, आपली निरीक्षणे जरूर कळवावीत.